लांब लेन्स, काळी माती आणि ट्रायपॉड

खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाचं, म्हणजे संत चोखासागराचं, पाणी थंडी सरता सरता मागे हटू लागतं आणि काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला, चालताना टणक लागणारा. चार बोटं खाली मात्र ओला चिखल. चक्रवाक, शेकाटे, तुतवार याच पट्ट्यात चरतात, त्यामुळे छायाचित्रकारालाही तिथेच ठाण मांडावं लागतं. माहितीपत्रकातला ट्रायपॉड गुळगुळीत फरशीवर उभा असतो. बुलढाणा जिल्ह्यात पक्षी टिपायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला असली फरशी क्वचितच येते.

मागच्या प्रकरणात आपण 400 ते 600 मिलिमीटरच्या लेन्स पाहिल्या. या प्रकरणात त्यांना तोलून धरणाऱ्या वस्तूचा विचार करू. माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रायपॉड निवडताना लोक त्याचं वजन, उंची आणि 'किती किलो पेलतो' हा आकडा बघतात. खरं बघायचं असतं ते तो किती ताठ आहे आणि आपण ज्या जमिनीवर जाणार आहोत तिथे तो कसा उभा राहील. बाकी सगळं नंतर.

ताठपणाचा एवढा आग्रह कशासाठी, हे थोड्या हिशोबानं कळेल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटरची लेन्स लावली, की आडव्या दिशेनं साडेतीन अंशांहूनही कमी दृश्य दिसतं. पन्नास मीटरवर उभ्या शेकाट्याभोवतीची फक्त 3 मीटर रुंदीची चौकट. सेन्सर 45 मेगापिक्सलचा असेल, तर या 3 मीटरचे सुमारे 8,200 तुकडे होतात, म्हणजे एका पिक्सलच्या वाट्याला साधारण 0.36 मिलिमीटर येतात. आता समजा, लेन्सचं पुढचं टोक टेकूपासून 30 सेंटिमीटर पुढे आहे आणि ते केसाच्या जाडीइतकं, म्हणजे 0.07 मिलिमीटर हललं. पन्नास मीटरवर त्याचा परिणाम जवळपास 12 मिलिमीटरचा होतो. शेकाट्याचा लालभडक डोळा त्याहून लहान असतो. शटर उघडं असताना ही हालचाल झाली, तर डोळ्याच्या जागी नुसता लालसर फराटा उरतो.

भर उजेडात शटरचा वेग 1/2000 सेकंद असला, तर हा प्रश्न फारसा जाणवत नाही. लेन्समधली कंपनरोधक यंत्रणाही आता चांगली झाली आहे, तिच्या भरवशावर पुष्कळजण हातातच लेन्स धरतात आणि उडत्या पक्ष्यांसाठी ते बरोबरही आहे. अडचण येते ती पहाटे, सूर्य वर यायच्या आधी 1/60 वर शटर ठेवावं लागतं तेव्हा. किंवा संध्याकाळी, ज्ञानगंगा अभयारण्याच्या सागवानात अंधार दाटून येतो तेव्हा. किंवा एखाद्या पक्ष्याची चोच उघडण्याची वाट बघत पाऊण तास लेन्स रोखून बसायचं असतं तेव्हा. या शेवटच्या कारणाबद्दल फार कमी लिहिलं जातं. ट्रायपॉडचा निम्मा उपयोग हाताचा थरकाप थांबवण्यासाठी असेल, तर उरलेला निम्मा दंड आणि खांदे वाचवण्यासाठी आहे. थकलेला माणूस ऐन क्षणी लेन्स खाली घेतो आणि पक्षी नेमका तेव्हाच पंख पसरतो.

वजनांचा अंदाज असू द्या. पक्षीप्रेमींच्या हाती जास्त दिसणाऱ्या 150-600 किंवा 200-500 जातीच्या झूम लेन्स दोन किलोच्या आसपास आहेत: सिग्माची 150-600 कंटेम्पररी 1,930 ग्रॅम, निकॉनची 200-500 कॉलरसकट 2,300 ग्रॅम. कॅननच्या 600 मिमी एफ/4 लेन्सची दुसरी आवृत्ती 3,920 ग्रॅमची होती, तिसरीत ते 3,050 वर आलं. कॅमेरा आणि हेड धरून ट्रायपॉडवर एकूण चार ते सहा किलो येतात. एवढं वजन स्वस्तातला ट्रायपॉडही सहज पेलतो. तो मोडत नाही, थरथरतो. डब्यावर छापलेल्या 'कमाल भार 12 किलो' या आकड्याचा घोळ इथेच आहे. हा भार मोजायची सगळ्या कंपन्यांनी मिळून मानलेली एक पद्धत नाही. कुणी मोडेपर्यंतचा भार सांगतं, कुणी पाय घसरेपर्यंतचा. कंपनाबद्दल त्या आकड्यातून काहीच कळत नाही. छापील भार आपल्या सामानाच्या निदान तिप्पट असावा, असा एक ठोकताळा वापरात आहे. तो चाळणी म्हणून ठीक, निर्णय त्यावर घेऊ नये.

निर्णय घ्यावा पायाच्या नळीच्या जाडीवर. पोकळ नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो (भिंतीची जाडी तीच धरली तर). म्हणजे 25 मिलिमीटरऐवजी 32 मिलिमीटरची नळी घेतली, की वजन थोडंसंच वाढतं, पण ताठपणा दुप्पट होतो. शेतात मचाण बांधणारा माणूस बारीक कळक बाजूला टाकून जाड बांबू का उचलतो, त्याचं गणित हेच. दोन किलोच्या झूमसाठी सर्वांत वरच्या नळीचा व्यास 28 मिलिमीटरच्या खाली नको, 32 उत्तम. तीन-चार किलोच्या प्राइम लेन्ससाठी 32 पासून सुरुवात, 36 असेल तर झोप चांगली लागते. काही कंपन्या हा व्यास नावातच घालतात. लिओफोटोच्या 'एलएस-324सी' या नावात 32 म्हणजे व्यास, 4 म्हणजे पायाचे टप्पे आणि सी म्हणजे कार्बन. दुकानदाराला आधी हेच विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर खिशात मोजपट्टी असू द्या.

टप्पे जितके कमी तितके सांधे कमी, आणि पाय डुगडुगतो तो सांध्यातच. चार टप्प्यांचा ट्रायपॉड घडी केल्यावर आखूड होतो, एसटीच्या रॅकवर मावतो. तीन टप्प्यांचा लांब राहतो, पण त्याची शेवटची नळी जाड असते. पाच टप्प्यांच्या वाटेला मोठ्या लेन्सवाल्यानं जाऊच नये. ज्याचं फिरणं मोटारसायकलवर आहे, त्यानं चार टप्पे घेतले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र गरज नसताना शेवटचा टप्पा उघडू नये.

आता मधला खांब. लेन्स जड असेल, तर तो शत्रूच समजावा. तीन पायांचा पसरलेला, भक्कम पाया तयार करायचा आणि त्याच्या डोक्यावर एकच बारीक दांडा उभा करून सगळं वजन त्याच्या टोकावर ठेवायचं, याला अर्थ नाही. खांब वर काढला की तीन पायांचा एकपायी होतो. पक्ष्यांसाठीचे चांगले ट्रायपॉड मुळात खांबाशिवायच येतात, पाय ज्या चकतीला जोडलेले असतात तिच्यावरच हेड बसतं. याचा दुसरा फायदा पाणथळीवर कळतो. खांब नसला की पाय पूर्ण फाकवून लेन्स जवळजवळ जमिनीवर आणता येते. काठावर भक्ष्य टिपणारा तुतवार त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून टिपला, तर मागचं पाणी धूसर होऊन जातं. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसता चिखल दिसतो आणि चिखलात एक पाठ.

कमाल उंचीचा हट्ट त्यामुळेच कमी धरावा, पण अगदी सोडूही नये. गिंबल हेड (त्याबद्दल पुढे येईलच) आणि कॅमेरा मिळून पायांवर वीसेक सेंटिमीटर चढतात. मध्यम उंचीच्या माणसाला सपाटीवर 135 ते 140 सेंटिमीटरचे पाय पुरतात. उतारावर हिशोब बदलतो. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आतबाहेर खोल आहे, त्याच्या कडेवरून तळ्याकडे जाणाऱ्या वाटा उभ्या आहेत. अशा जागी दोन पाय उताराच्या बाजूला आणि एक चढाच्या बाजूला लावायचा. उताराकडचे दोन्ही पाय जास्त लांब काढावे लागतात, म्हणून वीसेक सेंटिमीटर उंची शिलकीत असलेली बरी. विवराच्या काठावरून तळ्यातल्या बदकांचे जवळचे फोटो मिळतील ही आशा मात्र सोडा. अंतर फार आहे आणि मधली हवा त्याहून वाईट.

लोणारबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुण्या-मुंबईच्या सल्लागारांना सुचत नाही. या तळ्याचं पाणी खारट तर आहेच, पण तीव्र अल्कधर्मीही आहे, त्याचा सामू 10 च्या आसपास असतो. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, ते अशा पाण्यात वाढणाऱ्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं. अॅल्युमिनियमला अल्कधर्मी पाणी सोसत नाही, त्याच्यावरचं संरक्षक आवरण त्यात विरघळत जातं. लोणारच्या काठच्या गाळात पाय ठेवलेत, तर घरी गेल्यावर बघू असं म्हणू नका. परतल्या परतल्या गोड्या पाण्यानं पाय धुवा, पुसा आणि उघडे ठेवून वाळवा. कार्बनच्या नळ्यांना हा त्रास नाही, पण त्यांचे सांधे, आटे आणि खिळे धातूचेच असतात. मोताळा-मलकापूरकडून पूर्णेच्या खोऱ्यात उतरलात, तर खारपाणपट्ट्यातल्या चिखलालाही हाच नियम लावा.

कार्बन की अॅल्युमिनियम, हा प्रश्न पैशाचा आहे. गित्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीनं 1994 मध्ये कार्बन फायबरचा ट्रायपॉड बाजारात आणला. तेव्हा ती चैन होती, आता मधल्या किमतीतही मिळतो. कार्बन हलका आणि ताठ असतो, त्यातलं कंपन लवकर विरतं आणि मे महिन्यात हाताला चटका बसत नाही. पण बारीक कार्बनपेक्षा जाड अॅल्युमिनियम केव्हाही चांगलं. कार्बनमधून वीज वाहते, हेही लक्षात असू द्या. वळवाच्या गडगडाटात माळरानावर खांद्यावर उभा ट्रायपॉड घेऊन चालू नका, आणि शेतातल्या लोंबणाऱ्या तारांखाली तो उंच करू नका.

काळ्या मातीचं तंत्र वेगळं आहे. उन्हाळ्यात तिच्या भेगा एवढ्या रुंद होतात, की रबरी बूट सरळ आत जातो. ओली असताना ती पायाला धरून ठेवते खरी, पण हळूहळू खचतही राहते. चौकट नीट लावून तुम्ही वाट बघत बसता आणि दहा मिनिटांनी क्षितिज कललेलं असतं. यावरचा उपाय स्वस्त आहे: हाताच्या पंजाएवढे प्लायवूडचे तीन तुकडे, प्रत्येकात बूट बसेल एवढा खळगा. मुरमाड माळावर उलट करायचं, रबर काढून टोकदार खिळे लावायचे. म्हणून बूट बदलता येणारेच पाय घ्या.

चिखलात पाय रोवताना आणखी एक काळजी. पाय पूर्ण फाकवून वरून जोर दिला, की खाली जाणारे पाय बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि वरचा सांधा तडकू शकतो. आधी पाय थोडे मिटून घ्यावेत, मग एकेक करून दाबावेत. आणि एरवी जो नियम सांगितला जातो, 'जाड टप्पा आधी उघडा', तो पाण्यात उभं राहताना मोडावा. तिथे सर्वांत खालचा, बारीक टप्पा पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे त्याचा लॉक पाण्याच्या वर राहतो. एकदा लॉकमध्ये वाळू गेली, की तो फिरवताना करकरतो आणि पुढच्या हिवाळ्यात पकडणं सोडतो. फिरवायचे लॉक सोडून धुता येतात, खटक्याचे लॉक अंधारातही उघडले की बंद ते कळतं. मला पहिले आवडतात, पण इथे भांडायचं कारण नाही.

वारा हा पठारावरचा कायमचा सोबती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि लांब लेन्सचं हूड म्हणजे त्याच्या वाटेत धरलेलं शीडच. सूर्य पाठीमागे असेल, तर जोराच्या वाऱ्यात हूड उतरवून ठेवावं. ट्रायपॉड होईल तेवढा बुटका करावा, बसून काम करावं. चकतीखालच्या हुकाला पिशवी लटकवायची असेल, तर ती जमिनीला टेकलेली असावी. अधांतरी झोके घेणारी पिशवी वाऱ्यापेक्षा जास्त त्रास देते. डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या नळीवर, टेकूच्या बरोबर वर, नुसता ठेवला तरी बारीक थरथर पुष्कळ शमते. आणि पाण्यावर येणाऱ्या म्हशींच्या कळपावर नजर असू द्या. उभा ट्रायपॉड सोडून चहा प्यायला गेलेल्या माणसाला त्या कळपाचा काही अंदाज नसतो.

हेडबद्दल थोडक्यात. बॉल हेड लँडस्केपला चांगलं, लांब लेन्सला धोक्याचं. पकड जरा सैल झाली, की लेन्स एका बाजूला धाडकन कलंडते आणि मधे सापडलेलं बोट चेचतं. पक्ष्यांसाठी गिंबल घ्यावं. त्यात लेन्स आडव्या अक्षाभोवती अशी टांगलेली असते, की तिचा गुरुत्वमध्य अक्षावर येतो आणि चार किलोचं ओझं एका बोटानं फिरतं, सोडलं तिथे थांबतं. हे जमण्यासाठी दोन्ही दिशांनी तोल साधावा लागतो: लेन्सची प्लेट पुढे-मागे सरकवून आणि पाळणा वर-खाली करून. म्हणून प्लेट लांब हवी. प्लेट आर्का-स्विस पद्धतीची, 38 मिलिमीटर रुंद, घ्या. ती जवळपास सगळीकडे चालते. चक्रवाकांचा थवा पाण्यावरून आडवा जाताना लेन्स फिरवायची असेल, तर गिंबलचा पाया सपाट असलाच पाहिजे, नाहीतर सुरुवातीला सरळ असलेली पाण्याची रेषा शेवटी तिरकी होते. हौस आणि पैसे असतील तर लेव्हलिंग बेस घ्या. व्हिडिओ जास्त काढत असाल, तर गिंबलऐवजी फ्लुइड हेड.

लेन्समधली कंपनरोधक यंत्रणा ट्रायपॉडवर चालू ठेवावी की बंद, हे लेन्सच्या पुस्तिकेत असतं. जुन्या लेन्समध्ये ती बंद करावी लागे, कारण स्थिर आधारावर ती स्वतःच कंप निर्माण करायची. नव्या बऱ्याच लेन्स ट्रायपॉड ओळखतात. गिंबल सैल ठेवून काम करत असाल, तर ती चालू ठेवलेली बरी.

आणि उष्म्याच्या लहरी. सकाळी नऊ-दहानंतर काळ्या शेतावरची हवा थरथरू लागली, की शंभर मीटरवरचा कोणताही पक्षी कापसासारखा मऊ येतो. त्यावेळी ट्रायपॉडला, लेन्सला, फोकसला शिव्या देण्यात अर्थ नाही. जवळ जा, नाहीतर उद्या पहाटे या.

काही ठिकाणी ट्रायपॉड नकोच. ज्ञानगंगा अभयारण्यात सफारीच्या गाडीतून उतरायची मुभा नसते, आणि नसावीच. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला आणि सुमारे 1,300 किलोमीटर चालून 2019 च्या डिसेंबरात इथे पोचलेला रेडिओ कॉलरवाला वाघ सगळ्यांना माहीत आहे, पण अस्वलांचा वावर त्याहून जुना आहे. अंबाबरवा अभयारण्यही आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. 113 वर्षं कुणाला न दिसलेलं आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पुन्हा सापडलेलं रानपिंगळा हे घुबड मेळघाटातही राहतं. ते दिवसाही निष्पर्ण फांदीवर बसून राहतं. ट्रायपॉडसाठी त्याहून सोयीचा पक्षी नाही, तरी तिथे वनविभाग सांगेल तेच करायचं. गाडीत बीन बॅग हाच आधार. ती रिकामी न्यावी आणि मेहकर किंवा खामगावच्या बाजारात दोन-तीन किलो तूर किंवा सोयाबीन घेऊन भरावी. परतताना ते धान्य कामाला येतं. लोणारच्या दैत्यसुदन मंदिरासारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, तोही वेळ धरून ठेवा.

मार्च ते जून या काळाबद्दल मात्र विनंती आहे. नदीसुरय आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ट्रायपॉड रोवून तासभर बसलेल्या माणसाच्या धाकानं आई-बाप दूर राहिले, तर चाळीसच्या पुढच्या उन्हात ती अंडी भाजून निघतात. घरटं दिसलं की ट्रायपॉड उचला आणि निघा.

खरेदीला जाताना आपली लेन्स आणि कॅमेरा बरोबर न्या, अकोला-संभाजीनगरला जावं लागलं तरी. पाय पूर्ण उघडून ट्रायपॉड दुकानाच्या दारात उभा करा, रस्त्यापलीकडची एखादी पाटी धरा, मागच्या पडद्यावर प्रतिमा पूर्ण मोठी करा आणि हूडला टिचकी मारा. चांगल्या ट्रायपॉडवर अक्षरं क्षणभर हलून थांबतात, वाईटावर ती डुलत राहतात. मग वरची चकती दोन्ही हातांनी पिळून बघा, किती वळते ते. या दोन गोष्टी केल्या, तर माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही. ऑनलाइनच घ्यायचा असेल, तर परत करण्याची मुदत किती आहे ते बघून घ्या आणि हीच परीक्षा घरी करा. जुना मिळत असेल तर जरूर विचार करा. लेन्स आणि कॅमेरे जुने होतात, चांगले पाय होत नाहीत.

पैसे बेताचे असतील, तर पहिल्यांदा बीन बॅग घ्या. मग 32 मिलिमीटरचे पाय, त्यानंतर साधं पण धातूचं गिंबल, लेव्हलिंग बेस सर्वांत शेवटी. पायांवर काटकसर करून हेडवर खर्च करू नका. आणि मधला खांब फुकट मिळाला, तरी काढून घरी ठेवा.